पुरते माप, न्याय्य भाव

ग्राहक सहकारी संस्था म्हणजे ग्राहकच भागधारक, म्हणून मालकही, असलेले दुकान. रॉचडेलच्या कामगारांनी 1844 मध्ये इंग्लंडमध्ये शुद्ध माल, पुरते वजन आणि खरेदीच्या प्रमाणात नफावाटप ही तत्त्वे अशाच दुकानात रुजवली. कोल्हापूर जिल्ह्यात तात्यासाहेब कोरे यांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या वारणा बाजाराने ही वाट खेड्यांपर्यंत आणली. उत्पादकाचा खर्च भागून चार पैसे उरतील असा भाव देणे, म्हणजेच न्याय्य व्यापार, ही त्यापुढची पायरी होय. 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या कोल्हापुरी गुळाची ढेप थेट गुऱ्हाळातून घेऊन तिच्यावर उत्पादकाला दिलेला भाव छापला, तर कोल्हापुरी नावाने खपणाऱ्या परक्या गुळापुढे सहकारी दुकान विश्वासावर टिकेल. सभासदांनी वार्षिक सभेत ही मागणी लावून धरावी.