रानाच्या दारातल्या भिंती

दिल्ली–चेन्नई रेल्वेमार्गावर चंद्रपूर आणि बल्लारशाह ही स्थानकं जेमतेम पंधरा किलोमीटरच्या अंतरानं येतात. कोळसा, कागद आणि सागवान यांच्या वाहतुकीसाठी ती जुनीच ओळखीची. २०१८ साली मात्र ती देशभर गाजली ती आपल्या भिंतींमुळे. रेल्वेच्या स्थानक सुशोभीकरण स्पर्धेत या जोडीनं पहिला क्रमांक आणि १० लाखांचं बक्षीस पटकावलं. मिथिला शैलीनं नटलेलं बिहारचं मधुबनी आणि तमिळनाडूचं मदुराई दुसऱ्या क्रमांकावर राहिली. चंद्रपूर-बल्लारशाहच्या स्थानिक कलाकारांनी स्थानकांवर ताडोब्याचे वाघ, रानातले प्राणी आणि आदिवासी जीवन उभं केलं होतं.

वाघ आणि माणूस एकाच भिंतीवर येणं इथल्या मातीला धरूनच आहे. ताडोबा तलावाच्या काठी तारू देवाचं ठाणं आहे. गोंडांच्या कथेत तारू हा गावप्रमुख. तो वाघाशी झुंजताना मारला गेला आणि लोकांनी त्याला देव मानलं. ताडोबा राष्ट्रीय उद्यान झालं १९५५ मध्ये आणि व्याघ्र प्रकल्प १९९५ मध्ये. रानाशी गोंडांचं नातं त्याच्या कितीतरी आधीचं. म्हणून ही चित्रं पाहताना वाघावर नजर खिळली, तरी शेजारच्या माणसांपाशीही थांबायला हवं.

भिंतीवर आपली ओळख मांडण्याची रीत या शहराला नवी नाही. चंद्रपूर स्थानकातून बाहेर पडून जटपुरा गेट गाठलं की ते कळतं. चंद्रपूरची स्थापना केली खांडक्या बल्लाळशहा या गोंड राजानं. शहराभोवती अकरा-बारा किलोमीटरचा परकोट आहे. त्याला जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा हे चार दरवाजे आणि पाच खिडक्या. दरवाजांवर गोंडांचं राजचिन्ह दगडात कोरलेलं आहे: हत्तीवर झेपावलेला सिंह. जवळ जाऊन नीट पाहा. सिंह अंगानं मोठा आणि आवेशानं भरलेला, हत्ती त्याच्यापुढे लहान. आपल्या सामर्थ्याविषयी राजाला जे सांगायचं होतं ते शिल्पकारानं मापातच सांगून टाकलं आहे. आज त्याच कमानीखालून रिक्षा, दुचाक्या आणि शाळेची पोरं दिवसभर ये-जा करतात. झाडोऱ्यानं वेढलेला हा परकोट साफ करायला २०१७ मध्ये इको-प्रो संस्थेचे कार्यकर्ते उतरले. त्या कामाचा उल्लेख पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्येही केला होता.

स्थानकाच्या भिंतींवर जे आदिवासी जीवन रंगलं, ते चंद्रपूरच्या पूर्वेला गडचिरोलीच्या रानात आजही चालू आहे. फाल्गुन-चैत्रात मोह गळू लागतो. झाडाखालचा पाचोळा आधीच झाडून, जाळून जागा मोकळी केलेली असते. उजाडायच्या आत बाया-पोरं टोपल्या घेऊन निघतात आणि पिवळसर, रसरशीत फुलं एकेक करून वेचतात. मग अंगणात वाळवण पडतं आणि साऱ्या गावाला तो गोड, जड वास लागतो. पुढे टोरी, म्हणजे मोहाचं फळ, येते, तिचं तेल निघतं. मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम: ७० पानांचा एक पुडा, पहाटे तोडायचा, दुपारी बांधायचा, संध्याकाळी फडीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, द्यायचा. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावानं २००९ मध्ये आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला, तो याच जगण्याच्या बळावर. डोक्यावर टोपली घेतलेली बाई चित्रात दिसते, तिच्यामागे एवढा मोठा संसार आणि एवढा लढा उभा आहे.

महाराष्ट्रात आदिवासी चित्र म्हटलं की पांढऱ्या रेषांची वारली माणसं डोळ्यांपुढे येतात. ती शैली पालघर-डहाणूकडची. जिव्या सोमा मशे यांनी ती जगापुढे नेली. ठिपक्या-रेषांनी भरलेली गोंड चित्रं प्रसिद्ध झाली ती मध्य प्रदेशातल्या पाटणगढच्या जनगढसिंह श्याम यांच्यामुळे. गडचिरोलीच्या माडिया आदिवासींचा हात मात्र लाकडात आणि दगडात रमतो. कोरीव लाकूडकाम आणि मृतांच्या स्मरणार्थ उभारलेले दगड ही त्यांची खरी ओळख. भामरागडकडे जाताना हे दगड वाटेच्या कडेला उभे दिसतात. पाहायला जाणाऱ्यानं हा फरक मनात ठेवावा आणि या स्मारकांजवळ आदरानं जावं. तिथे कोणाचे तरी आप्त आहेत.

पाहण्याचा क्रम सोपा आहे. सकाळी बल्लारशाह स्थानक, मग वर्धा नदीकाठचा बल्लारपूरचा किल्ला, दुपारनंतर चंद्रपूरचे दरवाजे आणि राणी हिराईनं बांधलेली तिच्या पतीची, गोंड राजा बीरशहाची समाधी. दुसऱ्या दिवशी ताडोबा किंवा सुमारे ८० किलोमीटरवरची गडचिरोली. हिवाळा सोयीचा, मोहाचा हंगाम पाहायचा तर मार्चअखेर यावं आणि उन्हाची तयारी ठेवावी.

आता ही दोन्ही स्थानकं अमृत भारत योजनेत नव्यानं घडवली जात आहेत. गडचिरोली जिल्ह्यात आजवर देसाईगंज, म्हणजे वडसा, हेच काय ते स्थानक. तिथून गडचिरोलीपर्यंत नवा लोहमार्ग टाकण्याचं काम सुरू आहे. म्हणजे येत्या काळात या दोन जिल्ह्यांत पुष्कळ कोऱ्या भिंती उभ्या राहणार. चंद्रपूर-बल्लारशाहनं दाखवून दिलं की स्थानिक हातांवर विश्वास टाकला तर देशात पहिलं येता येतं. आता पुढचं पाऊल टाकावं. गडचिरोलीच्या स्थानकावर माडिया कारागिरांना बोलवावं, योग्य मोबदला द्यावा, आणि काय कोरायचं, काय रंगवायचं हे त्यांनाच ठरवू द्यावं. ज्यांचं जगणं भिंतीवर येणार आहे, त्यांचा त्या भिंतीवर पहिला हक्क आहे.