संकोचनाचा जमाखर्च

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने मुंबईसह काही महानगरांतील सर्वसामान्य ग्राहकांस इंटरनेट खुले केले आणि पुढे ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या घरांतूनही टेलिफोनच्या तारेला मोडेम जोडले गेले, त्या काळी सॉफ्टवेअर उतरवून घेणे हे धीराचे काम होते. कारण सेकंदाला ५६ किलोबिट हा ज्याचा कमाल वेग, त्या मोडेमवरून दहा मेगाबाइटांची फाइल यावयास पंचवीस मिनिटे लागत, आणि तोवर टेलिफोनचे बिलही चढत असे. तीच फाइल आकसून चार मेगाबाइटांची झाली, तर दहा मिनिटांत काम उरके.

ही किमया साधते ती पुनरुक्ती हेरून. आब्राहम लेम्पेल आणि जेकब झिव्ह यांनी १९७७ साली मांडलेल्या पद्धतीत, मागे येऊन गेलेला मजकूर पुन्हा न लिहिता तो किती अंतरावर आहे आणि किती लांबीचा आहे, एवढीच नोंद ठेवली जाते. आणि हफमन यांच्या १९५२च्या युक्तीने वारंवार येणाऱ्या चिन्हांस आखूड संकेत मिळतात. फिल कॅट्झ यांच्या १९८९च्या झिपने या दोन्ही विचारांची पुढे सांगड घातली. आपल्या मराठी मजकुरास तर याचा विशेष लाभ होतो, कारण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट व्यापते, त्यांतील पहिला बाइट सदैव एकच असतो आणि दुसरा दोहोंपैकी एक.

परंतु जेथे पुनरुक्ती नाही, तेथे संकोचनही नाही, ही मर्यादा क्लॉड शॅनन यांनी १९४८ सालीच सिद्ध केली. छायाचित्रे, गाणी, चित्रफिती बहुधा आधीच आकसलेल्या असतात. त्यांची झिप केल्याने जागा फारशी वाचत नाही, आणि झिपची पुन्हा झिप करणे तर निव्वळ व्यर्थ.

दुसरी बाजू खर्चाची. वाटेवर वाचलेला वेळ उलगडताना प्रोसेसरच्या श्रमाने फेडावा लागतो. ठाण्यातील बाळकुमच्या एखाद्या गृहसंकुलात सेकंदाला शंभर मेगाबिटांची जोडणी असेल, तर शंभर मेगाबाइटांची फाइल आठ सेकंदांत येते. ती निम्मी करून चार सेकंद वाचवले आणि उलगडण्यात दहा घालवले, तर हा व्यवहार तोट्याचाच. हाच हिशेब ओळखून आर्च लिनक्स या संगणकप्रणालीने २०१९च्या अखेरीस आपल्या सॉफ्टवेअर-पॅकेजांसाठी जुनी एक्सझेड ही संकोचनपद्धत सोडून झेडस्टँडर्ड स्वीकारली: त्यांच्याच निवेदनानुसार पॅकेजांचा एकूण आकार सुमारे ०.८ टक्क्याने वाढला, पण उलगडण्याचा वेग सुमारे तेराशे टक्क्यांनी.

तथापि ज्याच्या मोबाइलचा डेटा दररोज मोजून मिळतो, त्यास प्रत्येक मेगाबाइट मोलाचा; आणि जो सर्व्हर एकदा आकसलेली फाइल लक्षावधी लोकांस पुरवतो, त्यास आरंभीचे श्रम कितीही पडोत, ते लाभाचेच ठरतात. म्हणून वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे: झिप उलगडण्यापूर्वी मूळ आणि उलगडलेली अशा दोन्ही प्रतींना पुरेल इतकी जागा मोकळी ठेवावी, फोटोंच्या संकोचनाकडून फार अपेक्षा करू नये, आणि वेग मुबलक असेल तेथे लहान फाइलीपेक्षा लवकर उलगडणारी फाइल पसंत करावी.