आजीनं गाळलं, पोट्ट्यानं पाळलं!

रात्रीचे साडेदहा. अकोल्यातल्या जठारपेठेत माझ्या मित्राने खोलीतला लाइट बंद केला आणि मोबाइलचा टॉर्च एका काचेच्या बरणीवर धरला. "दिसून राह्यलं का?" आधी नुसतं हिरवट पाणी दिसलं. मग काचेवर पांढरे ठिपके सरकायला लागले. शेकडो ठिपके, आणि प्रत्येक जिवंत!

हे कोपेपॉड. झिंग्याचे दूरचे नातेवाईक, बहुतेक एक-दोन मिलिमीटरपेक्षाही लहान. समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब, आणि हा इंजिनिअरिंगचा पोट्टा समुद्रातले पॉड्स बरणीत वाढवतोय. कशासाठी? एका माशापायी, जो आता नाही.

त्याच्या घरी खाऱ्या पाण्याची टाकी आहे. पॉकेटमनी साठवून त्याने मँडरिन मासा आणला. निळ्या अंगावर नारिंगी नक्षी. 'पेलेट्स खातो' असं दुकानात सांगितलं होतं. पण त्याने पेलेट्सकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मँडरिन दिवसभर दगडांवरचे बारीक जीव टिपून खातो. टाकीतल्या दगडांवर थोडे पॉड्स होते, तोवर निभावलं. ते संपले आणि माशाचं पोट खपाटीला गेलं. एका सकाळी तो वाळूवर पडलेला दिसला. "त्याच्यासमोर रोज खाणं टाकत होतो, अन् तो उपाशी मेला. हे डोक्यातून जातच नाही," मित्र म्हणाला.

त्यानंतर त्याने मासा नाही, पॉड्सची बाटली मागवली.

पॉड्समध्ये असं काय आहे? एक तर आकार. त्यांची पिल्लं इतकी सूक्ष्म असतात की नुकत्याच जन्मलेल्या माशाच्या तोंडातही मावतात. दुसरं, माशांच्या वाढीला लागणारं डीएचए हे स्निग्धाम्ल त्यांच्यात भरपूर असतं. नेहमी वापरल्या जाणाऱ्या आर्टेमियात ते जवळपास नसतंच. म्हणूनच केरळातल्या विळिंजम इथे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या केंद्रात समुद्री माशांच्या पिल्लांसाठी कोपेपॉड वाढवले जातात.

मी विचारलं, "आपल्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी तसंही खारट. तेच वापर ना!" तो हसला. कूलरच्या जाळीवर पांढरा थर चढवणारं ते पाणी खारं असलं तरी समुद्राचं नाही. समुद्रात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम ठरावीक प्रमाणात असतं. म्हणून आरओच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मरीन सॉल्ट घालायचं.

खरा व्हिलन आहे आपला उन्हाळा. बाहेर पारा ४५ च्या पुढे, त्यात लाइट गेली की बरणी तापते. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. म्हणून कमी झालेलं पाणी भरताना साधं आरओचंच घालायचं, मिठाचं नाही. त्याची पहिली बरणी मात्र उन्हाने नाही, लाडाने गेली. एकपेशीय शेवाळाचं खाद्य जास्त झालं, पाणी सडलं, सगळे पॉड्स खलास. तेव्हापासून तो दोन बरण्या ठेवतो.

अमरावतीला परतल्यावर मी आजीला फोटो दाखवला. ती दर्यापूरकडची. "अवं, हे तं नारूचं पाणी!" आणि ती अगदीच चुकली नव्हती. नारूचा प्रसार करणारा सायक्लॉप्स हा गोड्या पाण्यातला कोपेपॉडच. विहिरीचं पाणी दुहेरी फडक्याने गाळायचं ते त्याच्यासाठीच. देशातला नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये सापडला आणि २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त ठरवला. समुद्रातल्या पॉड्समुळे नारू होत नाही, हे आजीला पटवायला मात्र दोन कप चहा लागला.

पॉड्स पाळायचेत?

• खाद्य पाण्याला फिकट हिरवी झाक येईल एवढंच. पाणी निवळलं की पुन्हा द्या.
• हवेचे बुडबुडे हळू सोडा.
• पिल्लं मोठी व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. लगेच उपसू नका.
• टाकीत पॉड्स रात्री, पंप थोडा वेळ बंद ठेवून सोडा.
• शेवाळाचा एक कप्पा असा ठेवा, जिथे मासे पोहोचणार नाहीत. तिथे पॉड्स वाढत राहतात.

बाजारात येणारे बरेचसे मँडरिन समुद्रातून पकडलेले असतात. म्हणजे आपल्या घाईची किंमत तो मासा मोजतो. निघताना मी मित्राला विचारलं, मँडरिन पुन्हा कधी आणणार? तो बरणीकडे बघत म्हणाला, "घरात दाणा नाही अन् पाहुणा कायले बोलवू? आधी दगडावर पॉड्स दिसू दे. चार-सहा महिने थांबू."