कोळशीने काय शिकवले

रिद्धपूर म्हणजे महानुभावांची काशी, गोविंदप्रभूंचे गाव आणि अलीकडे मराठी भाषा विद्यापीठाचे ठिकाण. मोर्शी तालुक्यातल्या या भागात शिवारातली बोलणी मात्र संत्र्याची असतात: आंबिया बहार फुटला का, मृग बहाराला ताण बसला का, विहिरीला पाणी किती.

ऐंशीच्या दशकात त्यात एक भयंकर शब्द शिरला, कोळशी. मोर्शी-वरूडपासून काटोलपर्यंत हिरव्या बागा काजळल्या.

हे काम एका इवल्याशा काळ्या माशीचे. कोवळे पान उलटले की खाली तिची पिवळसर अंडी चकलीच्या वेढ्यासारखी मांडलेली दिसतात. पिल्ले रस शोषतात आणि गोड चिकटा टाकतात. त्या चिकट्यावर काळी बुरशी वाढते, पानापर्यंत ऊन पोचत नाही, झाडाला अन्न तयार करता येत नाही आणि पुढचा बहार जातो. झाड, माशी, बुरशी, ऊन, सगळे एकमेकांत असे गुंतलेले असते.

विदर्भात या माशीच्या वर्षाला साधारण तीन पिढ्या होतात आणि त्या झाडाच्या आंबिया, मृग आणि हस्त या तिन्ही नवतींशी जुळलेल्या असतात. कोवळी पालवी भरपूर असली की खाणारी तोंडे वाढणारच. पण अन्न आहे म्हणून कोणताही जीव अमर्याद वाढत नाही, त्याला खाणारेही असतात. इथेच घोळ झाला. वरून मारलेले औषध पानाखालच्या पिल्लांपर्यंत नीट पोचत नाही, मात्र माशीला आवर घालणारे कीटक त्यात मरतात. मग माशी पुन्हा उसळते आणि शेतकरी पुन्हा पंप उचलतो. त्या वर्षांत सर्वांत महाग पडली ती ही घाई.

या माशीचा इलाज जगाने आधीच करून पाहिला होता. मूळची आशियातली ही माशी 1913 मध्ये जमैकात आढळली. क्यूबाने 1930 मध्ये मलायातून तिच्यावर जगणारा परजीवी कीटक आणला. मेक्सिकोसाठी 1949-50 च्या सुमारास भारत-पाकिस्तानातून असे कीटक नेण्यात आले. त्यांतला अमायटस माशी दाट असताना ती झपाट्याने कमी करतो. एन्कार्सिया ती विरळ झाल्यावरही शोधून काढतो. फ्लोरिडात 1976 मध्ये माशी सापडली, तेव्हाही याच जोडीने काम केले. म्हणजे आपल्याच भूमीतले रखवालदार परदेशी बागांच्या कामी आले.

इकडे विदर्भात अकोल्याचे पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ 1969 पासून होते. नागपुरात लिंबूवर्गीय फळांचे राष्ट्रीय संशोधन केंद्र ऐंशीच्या दशकात उभे राहिले. पुढे शेतकऱ्यांना मिळणाऱ्या सल्ल्याचा सूर पालटला: दाट सावली नको, पाणसोट काढा, नत्राचा अतिरेक टाळा, अंडी फुटण्याच्या वेळी निंबोळी तेल पानाखाली बसेल असे फवारा, माशीला आवर घालणारा जाळीदार पंखांचा मॅलाडा हा कीटक जपा. माशीला बांध अडवत नाही, त्यामुळे फवारणीही सगळ्या शिवाराने एकाच वेळी करायची.

कोळशी आजही डोके वर काढते. पण पंप भरण्याआधी बागाईतदाराने भिंग घेऊन पानाखालचे काळे कोश पाहावेत. टी अक्षरासारखी चीर दिसली तर त्यातून माशी उडून गेलेली असते. गोल भोक दिसले तर तिच्यावर जगणारा परजीवी बाहेर पडलेला असतो. गोल भोके जास्त असतील तर पंप काही दिवस तसाच ठेवावा.