व्यक्तिचित्रणातील त्वचावर्ण

व्यक्तिचित्रण शिकणाऱ्या विद्यार्थ्यास मुखाकृतीचे साम्य साधले, तरी त्वचेचा वर्ण पुष्कळदा साधत नाही. मुंबईत १८५७ साली सुरू झालेल्या जे. जे. कलाशाळेच्या द्वारे पाश्चात्त्य वास्तववादी पद्धती महाराष्ट्रात रुजली. परंतु त्या पद्धतीतील वर्णमिश्रणे मुख्यतः युरोपीय चेहऱ्यांवरून सिद्ध झालेली होती. 'फ्लेश टिंट' नावाने विकला जाणारा तयार रंग गुलाबी असे, तो याचमुळे. त्यात काळा रंग मिसळून सावळा वर्ण करू गेल्यास चेहरा मातकट व निर्जीव दिसतो.

याचे कारण त्वचेच्या रचनेत आहे. त्वचा काही अंशी पारभासक असते. बाह्य थरातील कृष्णरंजक द्रव्य प्रकाशाचा काही भाग शोषून घेते; उरलेला प्रकाश आत शिरून विखुरतो आणि रक्ताची लाली घेऊन परततो. म्हणून कान, नासिकाग्र व गाल अधिक आरक्त भासतात, तर कपाळ तुलनेने पिवळसर दिसते. शिवाय पृष्ठभागावरून थेट परावर्तित होणारी चकाकी प्रकाशाचाच रंग धारण करते. सावळ्या त्वचेवर ती विशेष उठून दिसते; खुल्या आकाशाखाली तिच्यात निळसर झाक येते.

यास्तव अभ्यासाचा क्रम असा असावा : प्रथम एकाच रंगात छायाप्रकाशाच्या पायऱ्या निश्चित कराव्या. नंतर बर्न्ट सिएना, यलो ऑकर व अल्ट्रामरीन यांतून मध्यम छटा सिद्ध करावी. उजळ भागी पांढरा रंग बेताने वापरावा, कारण त्याच्या अतिरेकाने वर्ण खडूसारखा फिका पडतो. तेथे ऑकर व किंचित तांबडा अधिक उपयोगी पडतो. छायेसाठी काळ्याऐवजी सिएना व अल्ट्रामरीन यांचे मिश्रण घ्यावे. प्रत्येक छटा शेजारच्या छटेशी ताडून पाहावी.

सा. ल. हळदणकर यांचे म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील, हाती दीप घेतलेल्या स्त्रीचे जलरंगचित्र या दृष्टीने अभ्यसनीय आहे. ज्योतीआड धरलेल्या तळहाताच्या बोटांतून झिरपणारी लाली हाच त्वचेच्या पारभासकतेचा पुरावा होय. तेथे हाताचा वर्ण ज्योतीपासून वेगळा काढता येत नाही. त्वचेला स्वतःचा असा एकच ठरीव रंग नसतो, हे ज्याच्या दृष्टीस पटले, त्याला तयार मिश्रणाची गरज उरत नाही.