टर्बोचार्जरचे नट सैल का पडतात? : सर्किटवरील मोटारीच्या संदर्भात

प्रस्तावना :
कोल्हापूरच्या मंगळवार पेठेपासून जवळच असलेल्या शिवाजी उद्यमनगरात ऑइल इंजिनांच्या निर्मितीतून व दुरुस्तीतून कुशल कारागिरांची परंपरा घडली. या शहराला मोटार शर्यतींचीही ओढ आहे. येथील ध्रुव मोहिते यांनी फोक्सवॅगनच्या चषक मालिकेत भाग घेतला. २०१० साली सुरू झालेल्या या मालिकेतील पहिल्या पोलो गाड्यांना टर्बोचार्जरयुक्त डिझेल इंजिन होते. अशी गाडी सर्किटवर सतत पूर्ण वेगाने धावते, तेव्हा टर्बोचार्जरला मॅनिफोल्डशी जोडणारे नट सैल होऊ लागतात. ‘नट नीट आवळला नसेल’ हे त्याचे नेहमीचे स्पष्टीकरण अपुरे कसे आहे, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

सैल पडण्याची कारणे :
आवळलेला स्टड किंचित ताणला जातो आणि या ताणामुळेच जोड घट्ट राहतो. हा ताण किती सूक्ष्म असतो, ते पाहा. पकडीची लांबी २० मि.मी. आणि प्रतिबल दर चौ. मि.मी.ला ४०० न्यूटन धरल्यास पोलादी स्टड केवळ ०.०४ मि.मी. लांबतो.

आता उष्णतेचा विचार करू. पेट्रोल इंजिनातून टर्बाइनकडे येणारा वायू ९०० अंश सेल्सिअसपर्यंत किंवा त्याहून अधिक तापतो. स्टेनलेस स्टील (३०४) बिडापेक्षा अधिक प्रसरण पावते. दर अंशाला हा फरक लांबीच्या दशलक्षांश ५ भागांच्या घरात असतो. बिडाच्या फ्लँजमध्ये असा स्टड बसवून दोन्ही ५०० अंशांनी तापले, तर २० मि.मी. लांबीत ०.०५ मि.मी. फरक पडतो. म्हणजे मूळचा सर्व ताण नाहीसा होतो. गंजत नाही म्हणून हौसेने बसवलेला स्टडच येथे घात करतो.

याउलट, इंजिन तापत असताना फ्लँज स्टडच्या आधी तापली, तर स्टड मर्यादेबाहेर ताणला जाऊन कायमचा लांबतो. दीर्घकाळ उष्णतेत राहिल्यानेही धातूतील ताण हळूहळू उतरतो. ताण गेला की कंपनाचे काम सोपे होते. जोडाचे दोन पृष्ठभाग एकमेकांवर आडवे सरकू लागले की नट आपोआप फिरतो, हे गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ साली दाखवून दिले.

उपाय :
१) स्टडचा धातू फ्लँजच्या प्रसरणाशी जुळणारा व उष्णतेत बल टिकवणारा असावा. इन्कोनेल ७१८ हा निकेलचा मिश्रधातू महाग असला, तरी बिडाशी बऱ्यापैकी जुळतो.
२) नायलॉनचे कडे असलेला नट किंवा आट्यांना लावण्याचा सामान्य चिकट द्रव येथे निरुपयोगी ठरतो, दोन्ही या उष्णतेत टिकत नाहीत. संपूर्ण धातूचा घट्ट बसणारा नट किंवा उताराचे दात असलेले जोड-वॉशर वापरावेत.
३) टर्बोचार्जरचे वजन केवळ स्टडवर लोंबू न देता त्याला इंजिनाचा आधार द्यावा. पुढील एक्झॉस्ट पाइपमध्ये लवचिक तुकडा बसवावा.
४) फ्लँजचा पृष्ठभाग सपाट आहे याची खात्री करावी. इंजिन पहिल्यांदा तापून पूर्ण थंड झाल्यावर टॉर्क पान्याने पुन्हा तपासणी करावी व नटावर रंगाची खूण करावी. आट्यांना वंगण लावले असल्यास निर्मात्याने त्या स्थितीसाठी दिलेलाच टॉर्क वापरावा. अन्यथा स्टड अधिक ताणला जातो.

समारोप :
जोड सैल झाल्यास सुरुवातीला केवळ फुसफुस ऐकू येते. परंतु हलणाऱ्या टर्बोचार्जरमुळे त्याची तेलनळी तुटली आणि तेल तापलेल्या टर्बाइनवर पडले, तर गाडी पेट घेऊ शकते. मग प्रश्न चालकाच्या जिवाचा होतो. म्हणून सैल नट दिसताच अधिक जोराने आवळण्याऐवजी त्याचा ताण कोठे गेला, याचा शोध घेणे हेच खरे दुरुस्तीचे पहिले पाऊल होय.