तासकाटा नसलेलं घड्याळ

संपादकांना हवा होता 'निसार'वर लेख. इस्रो-नासाचा हा रडार-उपग्रह ३० जुलै २०२५ला श्रीहरिकोट्याहून उडाला, पुढे त्याची १२ मीटर व्यासाची जाळीदार छत्री अवकाशात उलगडली. एवढं वाचून झालं आणि मी अडकले ते इथिओपियातल्या वीस वर्षांपूर्वीच्या एका रडारचित्रावर.

तिथल्या अफारच्या वाळवंटात सप्टेंबर २००५मध्ये भूकंपांची रांग लागली. २६ तारखेला दाउरे इथे जमीन फाटून राख उडाली. राख तशी थोडकीच. खरा प्रकार खाली चालला होता. दब्बाहू ज्वालामुखीपासून दक्षिणेकडे सुमारे ६० किलोमीटर लांबीच्या भेगेत शिलारस घुसला. काही ठिकाणी भेग ८ मीटर रुंदावली, वरच्या खचदरीतले प्रस्तरभंग सरकले आणि मधली पट्टी खाली बसली. एरवी इथले भूपट्ट वर्षाला जेमतेम दीड-दोन सेंटीमीटर दूर जातात!

हे मोजलं युरोपच्या 'एन्व्हिसॅट'नं. त्याची रडारलहर ५.६ सेंटीमीटरची. जाऊन परत यायचं, म्हणून जमीन २.८ सेंटीमीटर जवळ-दूर झाली की आधीच्या आणि नंतरच्या चित्रांच्या तुलनेत इंद्रधनुष्याचा एक पट्टा उमटतो. पण रडारला पूर्ण लहरी मोजता येत नाहीत. लहर कुठल्या टप्प्यावर आहे, एवढंच त्याला कळतं. मिनिटकाटा आहे, तासकाटा नाही. म्हणून न हललेल्या जमिनीपासून एकेक पट्टा मोजत आत यायचं.

आणि दरीशी पोचताच गाडी अडते. मीटरभर हालचालीला छत्तीसेक पट्टे! ते इतके दाटतात की नुसती रंगीत खिचडी उरते. जमीन जिथे सर्वात जास्त हलली, तिथेच हे यंत्र आंधळं. मग चित्रातले ठिपकेच किती सरकले ते ताडून पाहायचं. ओबडधोबड काम, पण मीटरभराच्या उलथापालथीला पुरतं.

त्यात अफार सोयीचं, कारण तिथे झाडोरा नाही. सह्याद्रीच्या रानात दोन फेऱ्यांमध्ये पानं हलली की हीच लहर फसते. 'निसार'ची २४ सेंटीमीटरची लहर पानांआड जाते आणि तिचे पट्टेही विरळ पडतात. बारीक हालचाल मात्र तितकी नेमकी टिपत नाही. हवेतली वाफ जमीन हलल्याचा आभास करते तो वेगळाच. उत्तर-दक्षिण सरकणं जवळपास दिसतच नाही, कारण उपग्रह त्याच दिशेनं धावत बाजूला पाहतो.

'एन्व्हिसॅट' त्याच वाटेवर ३५ दिवसांनी परतायचा. एवढ्या अवधीत आधी कुठला प्रस्तरभंग सरकला, मागाहून कुठला, हे त्या चित्रात नाही. सगळ्यांची बेरीज तेवढी आहे.